चिमूटभर झेडलिब

आयपीफायर या जर्मनीत वाढलेल्या मुक्तस्रोत फायरवॉल वितरणात झेडलिब ही कॉम्प्रेशनची लायब्ररी अद्ययावत करायची, म्हणजे एका लहानशा फाइलीतल्या दोन ओळी बदलायच्या. एका ओळीत आवृत्तीचा आकडा असतो; तिथलं १.२.१२ काढून १.२.१३ लिहायचं. दुसरीत मूळ कोडच्या गाठोड्याचा चेकसम असतो, म्हणजे अंक-अक्षरांची एकशे अठ्ठावीस जागांची सलग माळ, जी आजवर कुणी कुणाला मोठ्याने वाचून दाखवली असेल असं वाटत नाही. जुनी माळ पुसून नवी चिकटवायची. झाला बदल. टपरीवर सांगितलेला चहा येण्याआधी उरकावं असं हे काम. तरीही ते करायला एक माणूस लागतो, तपासायला दुसरा, मुख्य साठ्यात घ्यायला तिसरा. मग ते आधी चाचणीच्या आवृत्तीत जातं आणि त्यानंतर कुठे 'कोअर अपडेट' म्हणून लोकांच्या यंत्रांवर पोचतं. त्या अपडेटच्या घोषणेत वाचणारा नवे आलेख आणि नवी बटणं शोधतो. झेडलिबचा उल्लेख तळाशी, डझनावारी पॅकेजांची नावं स्वल्पविरामांनी शिवलेल्या परिच्छेदात असतो, आणि त्यातही अखेरीला, कारण यादी इंग्रजी वर्णक्रमाने लावलेली असते आणि झेडच्या मागे उभं राहायला कुणी उरलेलं नसतं.

या उपेक्षेबद्दल तक्रार करण्याचा हेतू नाही. एवढ्याशा बदलाचा सत्कार करायला लागलो तर नारळ आणि शाली पुरायच्या नाहीत. पण या दोन ओळींत नेमकं काय घडतं याबद्दल मात्र एक गैरसमज आहे, आणि तो संगणकाच्या धंद्यातल्या लोकांतही आहे. त्यांना वाटतं, जुना कोड गेला, नवा आला, सुरक्षितता वाढली. माझं म्हणणं असं की नव्या कोडचा फायदा हा या व्यवहारातला लहान भाग आहे. मोठा भाग हा, की त्या निमित्ताने कुणीतरी एक जण ही लायब्ररी घरात कुठेकुठे आहे याचा हिशेब मांडून बसतो. तो हिशेब नसेल तर आकडा कितीही ताजा असो, दारावर नवी पाटी लावल्यापलीकडे काही झालेलं नसतं.

हिशेब अवघड का, हे कळायला झेडलिबचं कूळ पाहावं लागतं. १९९५ मध्ये ज्याँ-लू गायी आणि मार्क अॅडलर या दोघांनी ती लिहिली; मजकूर आवळून बांधायचा कोड गायींचा, सोडायचा अॅडलरांचा. निमित्त होतं चित्रांचं. जीआयएफ चित्रांमागच्या पद्धतीवर युनिसिस कंपनीचं पेटंट निघालं आणि पर्याय म्हणून पीएनजी हे नवं चित्ररूप आलं. त्याच्यासाठी कुणाच्या मालकीची नसलेली कॉम्प्रेशनची पद्धत हवी होती. ती पद्धत, डिफ्लेट, समजायला सोपी आहे. एखादा तुकडा पूर्वी येऊन गेला असेल तर तो पुन्हा लिहायचा नाही, 'मागे इतक्या अंतरावर जा आणि इतकी अक्षरं उचल' एवढी खूण ठेवायची. मागे जायची मर्यादा ३२ किलोबाइट. आपल्याकडच्या शासकीय परिपत्रकांवर ही पद्धत फार खुलते. 'उपरोक्त संदर्भाधीन विषयान्वये' एकदा येऊन गेलं की पुढची पानं जवळजवळ फुकट. देवनागरीचा तर यूटीएफ-८ मध्ये आणखीच फायदा, कारण प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि त्यातले पहिले दोन बहुतेक वेळा तेच ते असतात. जागा आधी तिपटीने अडवायची आणि मग झेडलिबकडून सोडवून घ्यायची, असा आपला व्यवहार आहे.

परवाना इतका सभ्य की आजच्या वकिलांना तो संशयास्पद वाटावा. घ्या, वापरा, बदला, विका. फक्त आपणच लिहिली असं सांगू नका आणि बदललेली प्रत मूळ म्हणून खपवू नका. सोबतच्या टिपणात तर लेखकांनी वापरणाऱ्यांना विनवलं आहे की कृपा करून आम्हाला सह्या करायला लांबलचक कायदेशीर कागद पाठवू नका. एवढं मोकळं दार दिसल्यावर जगाने जे करायचं तेच केलं. ब्राउझर, डेटाबेस, प्रिंटरचा कोड, खेळ, कर्नल, जावा, पर्ल, सगळ्यांनी ती घेतली, आणि बऱ्याच जणांनी नुसती मागून न घेता उचलून थेट आपल्या कोडमध्ये कालवली. झेडलिब स्वयंपाकातल्या हिंगासारखी आहे: चिमूटभर लागतो, जवळजवळ सगळ्यात पडतो, त्याच्या नावाने एकही पदार्थ ओळखला जात नाही, आणि हिंगाची डबी खराब निघाली असं आठ दिवसांनी कळलं तर आठवड्याभरात तो कशाकशात पडला हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

हे नेमकं २००२ मध्ये घडलं. एका बिघडलेल्या पीएनजी चित्राने प्रोग्रॅम कोसळतो असं लक्षात आलं, माग काढत गेल्यावर दोष झेडलिबच्या १.१.३ या आवृत्तीत निघाला. एकदा परत केलेली मेमरी ती काही परिस्थितीत पुन्हा परत करत होती, आणि त्यातून हल्लेखोराला आत शिरायची वाट मिळू शकत होती. मार्चमध्ये १.१.४ आली. दुरुस्ती छोटी होती, आणि लायब्ररी एकाच जागी असती तर प्रकरण संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. पण वितरणांनी शोध घेतला तेव्हा प्रती कुठेकुठे निघाल्या! लिनक्सच्या कर्नलमध्ये निघाल्या, फाइली एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या आरसिंकमध्ये निघाली, मोझिलात निघाली. ज्यांचा मूळ कोड कुणाला पाहायला मिळत नाही अशा व्यापारी मालातही झेडलिबचा अंश सापडला. मग शोधायचं कसं? इथे एक गोष्ट कामाला आली, जी मला या सगळ्या इतिहासात सर्वांत लोभस वाटते. झेडलिबच्या लेखकांनी कोडमध्ये एक वाक्य अशा बेताने ठेवलं आहे की कंपाइल झाल्यावरही ते फाइलीत तसंच उरतं: 'डिफ्लेट', पुढे आवृत्ती, पुढे कॉपीराइटची सालं आणि दोघांची नावं. लाखो बाइटांच्या गिचमिडीत हे एक वाचता येईल असं वाक्य. श्रेय दिलं तर बरं, नाही दिलं तरी चालेल असं म्हणणाऱ्या माणसांची नावं पुसायची तसदी कुणी घेतली नव्हती, आणि त्या आळसामुळे त्यांचा माल कुठेकुठे दडला आहे हे बऱ्याच ठिकाणी उघड झालं.

आता कुणी म्हणेल, ब्राउझरचं ठीक आहे, पण फायरवॉलचा आणि कॉम्प्रेशनचा संबंध काय? पहारेकऱ्याने दारात उभं राहावं, कुणाला आत सोडायचं ते पाहावं. गाठोडी बांधायचं-सोडायचं काम त्याला कुणी सांगितलं? आक्षेप फायरवॉल फक्त पत्ते आणि पोर्ट तपासत असे तेव्हाचा आहे. आजच्या वितरणात सुरिकाटासारखी घुसखोरी ओळखणारी यंत्रणा असते. आयपीफायरने ती २०१९ मध्ये घेतली. वेब सर्व्हरकडून येणारं पान बरेचदा जीझिप केलेलं, म्हणजे डिफ्लेटनेच बांधलेलं असतं. जिथे रहदारी एनक्रिप्ट केलेली नाही तिथे त्या पानात काही वावगं आहे का हे सुरिकाटाला पाहायचं, तर ते आधी सोडायलाच लागतं. ज्या नियमांच्या आधारे ती पाहते ते नियमही बाहेरून कॉम्प्रेस होऊनच येतात. फायरवॉलच्या सेटिंगचा बॅकअपही तसाच. म्हणजे अनोळखी माणसाने पाठवलेलं गाठोडं घरात सर्वांत आधी कोण सोडतो, तर पहारेकरी. आणि तो ते ज्या हातांनी सोडतो ते हात १९९५ सालच्या बनावटीचे, वेळोवेळी डागडुजी केलेले. डिफ्लेटमध्ये एका बाइटातून जास्तीत जास्त हजाराच्या थोडे वर बाइट निघू शकतात. त्यामुळे पाठवणाऱ्याचा खर्च कवडीचा असतो आणि उघडणाऱ्याचं कोठार भरतं.

यावर अनुभवी माणसाचं उत्तर ठरलेलं आहे: चालतंय ना, मग हात कशाला लावता? या उत्तराला मी हसणार नाही, कारण त्यामागे शहाणपण आहे. कार्यालयाचा फायरवॉल बंद पडला तर काय होतं ते ज्याने एकदा पाहिलं आहे तो यंत्राला सहजासहजी हात लावत नाही. पण 'चालतंय' याचा पुरावा काय, हे विचारायला हरकत नसावी. झेडलिबची १.२.११ ही आवृत्ती जानेवारी २०१७ ची. तिच्यानंतरची १.२.१२ आली मार्च २०२२ मध्ये. पाच वर्षांहून अधिक काळ लायब्ररी जगभर चालत होती आणि सगळे म्हणत होते, बघा, किती पक्की, बदलायची गरजच पडत नाही. प्रत्यक्षात २०१८ मध्येच तिच्यात एक दोष सापडला होता. विशिष्ट सेटिंग असताना विशिष्ट रचनेचा मजकूर कॉम्प्रेस करायला दिला तर ती आपल्या मेमरीच्या हद्दीबाहेर लिहीत असे. अॅडलरांनी तो दुरुस्त केला आणि सोबतच्या टिपेत नोंदवलं की हा तेरा वर्षं दबा धरून बसला होता. दुरुस्ती कोडच्या साठ्यात गेली, आणि तिथेच राहिली. तिची आवृत्ती निघाली नाही, कुणाला वर्दी गेली नाही. जो तो १.२.११ वापरत राहिला, कारण नवीन काही आलेलंच नव्हतं. मार्च २०२२ मध्ये टॅव्हिस ऑर्मंडी या सुरक्षा संशोधकाने त्याकडे पुन्हा बोट दाखवलं, मग काही दिवसांत १.२.१२ बाहेर पडली. दोषाला नोंदणी क्रमांक मिळाला तो २०१८ च्या सालाचा, म्हणजे बारसं चार वर्षांनी आणि दाखल्यावर तारीख मागची. दुरुस्ती चार वर्षं तयार असून कुणाच्याही घरात नव्हती. नवा कोड अस्तित्वात असणं आणि तो आपल्याकडे असणं यांच्यामध्ये एक माणूस लागतो, जो विचारतो की आपल्याकडे नेमकं काय आहे.

तो माणूस काय करतो ते आयपीफायरच्या बाबतीत अगदी जवळून पाहता येतं. दोन ओळी बदलून लायब्ररी बांधली की तिची एक यादी तपासावी लागते. त्या फाइलीला रूटफाइल म्हणतात. पॅकेजने यंत्रावर टाकलेली प्रत्येक फाइल यादीत एकेका ओळीवर असते. काही ओळींच्या सुरुवातीला दुहेरी आडव्या-उभ्या रेघांचं ते चिन्ह असतं, ज्याला मोबाइलवाले हॅश म्हणतात. हॅश असलेली फाइल बांधताना लागते पण फायरवॉलवर जात नाही: हेडर फाइल, मदतीची पानं असला माल. बिनहॅशच्या ओळी फायरवॉलवर जातात. आवृत्ती १.२.१२ ची १.२.१३ झाली की ज्या ओळीच्या शेपटीला १.२.१२ आहे ती बदलावी लागते. ती बदलायला विसरलं तर यादीत गेलेल्या माणसाचं नाव राहतं आणि आलेल्याचं नसतं. मग दुसरी यादी: या कोअर अपडेटमध्ये कोणत्या पॅकेजांच्या फाइली पाठवायच्या. कोअर अपडेटमध्ये सगळी प्रणाली जात नाही, फक्त बदललेला माल जातो, आणि काय बदललं हे यादीत असेल तरच जातं. समजा एखाद्या प्रोग्रॅमने झेडलिब आपल्या पोटातच घेऊन ठेवली आहे. तर कारखान्यात तो नव्याने बांधला गेला तरी यादीत नसल्यामुळे ग्राहकाकडे जुनाच राहणार, आणि वरती आवृत्तीचा आकडा मात्र झळकत राहणार. एवढं होऊनही एक गंमत उरते. फाइल बदलली तरी आधीपासून चालू असलेल्या सेवांच्या मेमरीत जुनी लायब्ररी तशीच असते. लिनक्सला विचारलं तर तो त्या फाइलीच्या नावापुढे 'डिलीटेड' असं लिहून दाखवतो. म्हणजे डिस्कवरून नाव कमी झालं, पण कारभार चालू आहे. म्हणून अपडेटच्या स्क्रिप्टमध्ये सेवा पुन्हा सुरू कराव्या लागतात, नाहीतर यंत्रच रीबूट करायला सांगावं लागतं. आणि रीबूटचं नाव काढलं की 'चालतंय ना' वाले पुन्हा जागे होतात.

१.२.१३ च्या वेळी हिशेबाचं महत्त्व आणखी स्पष्ट झालं. ऑक्टोबर २०२२ मधल्या त्या आवृत्तीत एक गंभीर दोष काढला होता: जीझिप फाइलीच्या मथळ्यात जादा माहितीसाठी एक रकाना असतो, तो अवाच्या सवा लांब करून पाठवला तर लायब्ररी दिलेल्या जागेपलीकडे लिहायची. मात्र हे केव्हा, तर प्रोग्रॅमने मथळा वाचून दाखवणारं एक विशिष्ट फंक्शन बोलावलं असेल तेव्हाच. बरेच प्रोग्रॅम ते बोलावत नाहीत. म्हणजे धोका आहे की नाही, याचं उत्तर झेडलिबमध्ये सापडत नाही. झेडलिब वापरणाऱ्यांच्या यादीत सापडतं. यादी असेल त्याने ती चाळावी आणि शांत झोपावं. यादी नसेल त्याने सगळं बदलावं आणि काही सुटलं का याची काळजी करावी.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. नवी आवृत्ती नवे दोष आणते, त्याचं काय? आणते, यात वादच नाही. बहुप्रतीक्षित १.२.१२ आली ती तिच्या बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये खोट घेऊन. कोणता कंपायलर वापरायचा हे तुम्ही सांगायचं आणि तिने ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचं. ते १.२.१३ मध्ये सुधारलं. ऑगस्ट २०२३ मध्ये १.३ आली तेव्हा तर प्रहसनच झालं. दूरच्या यंत्रावर लॉगिन करायचा ओपनएसएसएच हा प्रोग्रॅम बांधताना त्याची स्क्रिप्ट झेडलिबची आवृत्ती तपासते, कारण जुन्या आवृत्त्यांत सुरक्षेचे दोष होते. तपासणीची पद्धत तेव्हा अशी होती की आवृत्तीत तीन किंवा चार आकडे सापडले पाहिजेत. गेली कित्येक वर्षं ते सापडतही होते. १.३ मध्ये आकडे दोनच. स्क्रिप्टने ते मोजले, गोंधळली, आणि निकाल दिला: झेडलिब फारच जुनी आहे. जगातली सर्वांत नवी झेडलिब, आठवडाही न झालेली, वयोवृद्ध म्हणून नापास. मग ठिकठिकाणच्या वितरणांनी त्या स्क्रिप्टला दोन आकडेही चालतील हे शिकवणारे पॅच लावले. गमतीचा भाग असा की हीच तपासणी नापास करताना अशी पुस्ती जोडते, की तुमच्या पुरवठादाराने आकडा न बदलता दोष दुरुस्त केलेला असू शकतो, तशी खात्री असेल तर ही तपासणी बंद करा. तपासनीसालाच आपल्या मोजपट्टीचा भरवसा नाही. त्याच्या या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे, आणि माझ्या मुद्द्याला त्याहून चांगला साक्षीदार मिळणं कठीण: आकड्यावरून मालाची पारख होत नाही.

पण आक्षेपाची खरी धार एक्सझेडच्या प्रकरणात आहे. एक्सझेड ही झेडलिबच्याच गोतावळ्यातली दुसरी कॉम्प्रेशन लायब्ररी. लासे कॉलिन हा माणूस ती बहुतांशी एकट्याने सांभाळत होता. जिया टॅन या नावाने कुणीतरी मदतीला आलं, काही वर्षं नेकीने कामं केली, विश्वास कमावला. दरम्यान काही अनोळखी नावं कॉलिन यांच्यामागे लागली की अपडेट इतकी संथ का, नव्या माणसाच्या हाती कारभार का देत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ निघाली, आणि दोन्हींत एसएसएचच्या वाटेने यंत्रात शिरायचं चोरदार होतं. ते पकडलं आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकासकाने, कारण एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो हे त्याला खटकलं. २९ मार्चला त्याने ते जाहीर केलं. ज्यांनी तत्परतेने अपडेट केलं होतं ते फेडोराच्या आणि डेबियनच्या चाचणी शाखांवरचे लोक अडकले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीतली जुनी एक्सझेड वापरणारे निर्धास्त राहिले. शिळं खाणारे वाचले आणि ताजं खाणारे फसले. 'हात लावू नका' पक्षाला याहून मोठा विजय कधी मिळाला नसेल.

मी तो विजय मान्य करतो, आणखी एक पाऊल पुढे जाऊन मान्य करतो. त्या एकशे अठ्ठावीस अक्षरांच्या चेकसमचा इथे शून्य उपयोग होता. चोरदार उघडणारी कळ जाहीर साठ्यात नव्हतीच, वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यात घातली होती, आणि चेकसम काढायचा तो त्याच गाठोड्याचा. त्याने एवढीच हमी मिळते की सगळ्यांना एकसारखं विष मिळालं आहे, भेसळ नाही. पण मग पुढे काय झालं तेही पाहा. बातमी फुटल्यावर वितरणांनी काय केलं? 'आपल्याकडे ५.६ कुठे आहे' हा प्रश्न विचारला, आणि ज्यांच्याकडे यादी होती त्यांनी झटपट उत्तर देऊन जुनी आवृत्ती परत बसवली. परत जायचं कामही दोन ओळींचंच असतं, आकडा आणि माळ, फक्त उलट्या दिशेने. ज्याने कधी अपडेटच केलं नाही तो या वेळी वाचला ते नशिबाने. पुढच्या वेळी दोष जुन्या आवृत्तीत निघाला, जसा २०२२ मध्ये निघाला, तर त्याच्याकडे ना नवं बसवायची सवय ना जुनं कुठे आहे याची नोंद. अपडेटची घाई करा असं मी म्हणतच नाही. कॉलिन यांच्यामागे घाईचा तगादा लावणारे कुणाच्या बाजूचे असावेत याचा संशय आता सगळ्यांना आहे. दोन महिने चाचणीत ठेवा, हवं तर तीन ठेवा. पण ठेवलं आहे हे माहीत असू द्या.

हे सगळं यंत्राला का सोपवू नये, असंही विचारलं जातं. नवी आवृत्ती आली की आपोआप दोन ओळी बदलणारे बॉट आहेत आणि ते ती कामगिरी चोख बजावतात. त्यांना चहाही लागत नाही. परंतु बॉटला जे दिलं आहे तेवढंच तो पाहतो. झेडलिबच्या संकेतस्थळाचीच रीत घ्या. तिथे नवी आवृत्ती आली की जुनीचं गाठोडं पहिल्या पानावरच्या पत्त्यावरून उचलून 'फॉसिल्स', म्हणजे जीवाश्म, नावाच्या कप्प्यात नेऊन ठेवतात. लेखकांच्या दृष्टीने ही स्वच्छता. पण १.२.१२ आली तेव्हा १.२.११ चा पत्ता स्क्रिप्टमध्ये कायमचा कोरून ठेवणाऱ्यांची स्वयंचलित बांधकामं ठिकठिकाणी बंद पडली, कारण काल होती ती फाइल आज जीवाश्म झाली होती. आयपीफायरसारखी वितरणं मूळ गाठोड्यांची प्रत स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतात ती अशा वेळी उपयोगी पडते, आणि ती ठेवण्याची बुद्धी कुठल्या बॉटला झालेली नव्हती.

हिशेब पुरा झाला तरी काही खात्यांवर 'येणे बाकी' राहतेच, हेही सांगितलं पाहिजे. लिनक्सच्या कर्नलमध्ये झेडलिबची स्वतंत्र प्रत आहे. तिचा कॉम्प्रेस करणारा भाग १.१.३ च्या कुळातला, उघडणारा भाग २००६ मध्ये नवा केलेला. ती बाहेरच्या झेडलिबने बदलता येत नाही, कारण कर्नलला मेमरी आधीच मोजून घ्यावी लागते आणि त्यासाठी ती प्रत मुळातच कापून-जोडून घेतली आहे. आरसिंकने तर झेडलिबच्या पोटात शिरून बदल केले: पलीकडच्या यंत्राकडे आधीच असलेला मजकूर न पाठवताही कॉम्प्रेशनच्या हिशेबात धरायचा, अशी ती युक्ती. युक्ती छान, पण तिच्यामुळे जुन्या आरसिंकशी जुन्या पद्धतीने बोलायचं तर साधी झेडलिब चालत नाही, म्हणून ती बदललेली प्रत पिढ्यान् पिढ्या सोबत वागवावी लागते. पर्लमध्येही झेडलिबचा कोड येतो, आणि आयपीफायरची वेबवरची सगळी पानं पर्लच रंगवतो. या प्रत्येकापुढे वितरणाने ठरवायचं असतं: तोडून बाहेरची जोडायची, की आतलीच ठेवून लक्ष ठेवायचं. दोन्ही चालतं. तिसरा पर्याय, आत काय आहे ते माहीतच नसणं, हा लोकप्रिय आहे.

आणि आता तर मूळ झेडलिबच्या जागी झेडलिब-एनजी ही तिची वेगवान, नव्या प्रोसेसरांचा फायदा घेणारी शाखा बसवायची टूम निघाली आहे. फेडोराने २०२४ मधल्या ४० व्या आवृत्तीत तसं केलंही. ती बाहेरून हुबेहूब झेडलिबसारखी वागते, पण कॉम्प्रेस केल्यावर निघणारे बाइट अगदी तेच नसतात. उघडल्यावर मजकूर तोच मिळतो, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. तरी कॉम्प्रेस झालेले बाइट मागच्या वेळच्या बाइटांशी जुळवून पाहणाऱ्या कित्येक चाचण्या नापास झाल्या, आणि कॉम्प्रेशनचं तंतोतंत रूप कायम राहील असं वचन मुळात कुणी दिलं होतं का, याचा शोध सुरू झाला. दिलेलं नव्हतं. ही शाखा आपली आवृत्ती सांगताना मूळ झेडलिबचे तीन आकडे सांगते आणि त्यामागे टिंब देऊन स्वतःचं नाव जोडते. त्या शेपटीचं काय करायचं ते ज्याच्या त्याच्या स्क्रिप्टने ठरवावं. ओपनएसएसएचच्या तपासणीला मात्र काही अडचण नाही: तिला तीन आकडे मिळाले की तिचं भागतं.